जाणकारांचा कौल आणि लोकांची पसंती
(छायाचित्रकलेच्या निमित्ताने)

— द्वितीय वर्ष, कला

नाटक असो, कविता असो की चित्र असो, त्याचा निवाडा कोणी करायचा, हा प्रश्न फार जुना आहे. त्या कलेत ज्यांनी हयात घालवली त्यांनी, की केवळ आनंद घेण्यासाठी आलेल्या सामान्य माणसांनी? आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ असे म्हणतात आणि ‘गाढवाला गुळाची चव काय’ असेही म्हणतात. दोन्ही म्हणी एकाच समाजाच्या आहेत, यातच या प्रश्नाची अडचण दिसून येते.

छायाचित्राच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. सतार हातात धरायची तर आधी काही वर्षे बोटे झिजवावी लागतात. त्यामुळे सतारवादकापुढे सामान्य श्रोता आपोआपच नम्र असतो. छायाचित्राचे तसे नाही. ते प्रत्येकाच्या घरी असते आणि आता तर ते काढण्याचे साधनही ज्याच्या त्याच्या खिशात असते. म्हणून छायाचित्र पाहणारा प्रत्येक जण स्वतःला परीक्षक समजतो. उलट छायाचित्रकाराला भीती वाटते, की आपल्याला लोक कोणाही बटण दाबणाऱ्याच्या रांगेत बसवतील. म्हणून तो आपल्या समव्यवसायी मंडळींच्या मताला अधिक घट्ट धरून बसतो. या ओढाताणीचा इतिहास थोडक्यात पाहावा आणि त्यातून काही निष्कर्ष निघतो का ते तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मंडळे कशासाठी निघाली?

१८३९ साली दागेर या फ्रेंच माणसाची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आतच छायाचित्रकारांची मंडळे स्थापन होऊ लागली. लंडनचे मंडळ १८५३ चे आणि आपल्या मुंबईचे १८५४ चे. मुंबईच्या मंडळात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हेही सभासद होते, ही गोष्ट आपल्याला अभिमान वाटावी अशी आहे.

ही मंडळे निव्वळ हौसेखातर निघाली नव्हती. त्या काळी प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेच्या तावदानावर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि सुकण्यापूर्वीच ते अंधारात नेऊन धुवायचे, असा खटाटोप होता. सारे काम काही मिनिटांत उरकावे लागे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते किती कठीण गेले असेल याची कल्पना करावी. काचेवर डाग का पडला, कडा पुसट का आली, आकाश पांढरेफटक का दिसते, या प्रश्नांची उत्तरे तेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाखेरीज कोण देणार? तेव्हा एकमेकांची चित्रे मांडून त्यांतील दोष काढणे ही त्या काळाची गरज होती. जाणकारांच्या टीकेचा उगम असा शुद्ध व्यवहारात आहे.

परंतु दोष शोधण्याची सवय लागलेल्या नजरेला दोषच आधी दिसतात. जूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्याचा. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या हाती प्रथम कॅमेरा आला. त्यांनी घेतलेले चेहरे किंचित पुसट असत. काचेवरचे ओरखडे आणि डागही त्या तसेच राहू देत. लंडनच्या मंडळाच्या नियतकालिकाने त्यांच्या या ढिलाईवर कडक टीका केली. पण त्याच सुमारास, १८६५ मध्ये, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली. त्यांनी १८६७ साली घेतलेले खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे छायाचित्र आज जगातील उत्तम व्यक्तिचित्रांत गणले जाते. अंधारातून उजळून आलेला तो वृद्ध चेहरा आणि ते विस्कटलेले पांढरे केस पाहताना काच स्वच्छ होती की नव्हती हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

येथे टीकाकार मूर्ख होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. डाग होतेच. फक्त ते डाग मोजत बसले आणि चेहरा पाहायचा राहून गेला.

दोन मित्र, दोन वाटा

१८८८ साली कोडॅक कॅमेरा बाजारात आला. शंभर चित्रे घ्यायची आणि कॅमेरा तसाच कारखान्यात पाठवून द्यायचा. धुण्याछापण्याचे काम तिकडे होई. १९०० मध्ये त्याच कंपनीचा ‘ब्राउनी’ हा कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. छायाचित्रण घराघरांत शिरले. साहजिकच, ज्यांना ही कला म्हणून जोपासायची होती त्यांना आपण या गर्दीपेक्षा वेगळे आहोत हे दाखवण्याची निकड वाटू लागली.

न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांनी १९०२ साली ‘फोटो-सिसेशन’ नावाचा निवडक छायाचित्रकारांचा गट काढला आणि १९०३ पासून ‘कॅमेरा वर्क’ हे नियतकालिक सुरू केले. त्याची छपाई अत्यंत देखणी असे आणि चित्रांची निवडही कडक असे. या कार्यात त्यांचा उजवा हात होता एडवर्ड स्टायकन हा तरुण. नियतकालिकाचे मुखपृष्ठ त्यानेच रेखाटले आणि फिफ्थ अव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या इमारतीत १९०५ मध्ये उघडलेल्या कलादालनाच्या उभारणीतही त्याचा वाटा मोठा होता.

स्टिगलिट्झ यांनी लोकांच्या आवडीपुढे कधी मान तुकवली नाही. परिणाम असा झाला, की सुरुवातीला हजाराच्या घरात असलेले वर्गणीदार शेवटी चाळिसांच्याही आत आले आणि पन्नास अंकांनंतर, १९१७ मध्ये, ‘कॅमेरा वर्क’ बंद पडले. मात्र त्याच्या अखेरच्या अंकांत पॉल स्ट्रँड या तरुणाची जी चित्रे छापली गेली, त्यांनी पुढच्या पिढीच्या छायाचित्रणाला निराळे वळण लावले. चाळीस वाचकांचे नियतकालिकही इतिहास घडवू शकते, ही गोष्ट आपल्या वार्षिक अंकानेही लक्षात ठेवावी!

स्टायकनने दुसरी वाट धरली. १९२३ पासून तो फॅशनच्या आणि नामवंत व्यक्तींच्या छायाचित्रांसाठी मासिकांत नोकरी करू लागला. गुरुस्थानी असलेल्या स्टिगलिट्झ यांना ते रुचले नाही. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात स्टायकन छायाचित्र विभागाचा प्रमुख झाला आणि जानेवारी १९५५ मध्ये त्याने ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन भरवले. ६८ देशांतील २७३ छायाचित्रकारांची ५०३ छायाचित्रे त्यात होती. जन्म, खेळ, प्रेम, श्रम, दुःख, मृत्यू अशा क्रमाने ती मांडलेली होती. हे प्रदर्शन पुढे अनेक देशांत फिरले, आपल्या देशातही आले आणि सुमारे नव्वद लाख लोकांनी ते पाहिले. छायाचित्रांच्या प्रदर्शनाला असा लोकाश्रय क्वचितच मिळाला असेल.

जाणकारांचे मत मात्र विभागले गेले. काही छायाचित्रकारांची तक्रार अशी, की चित्रे संयोजकाच्या सोयीने लहानमोठी करून मांडल्यामुळे प्रत्येक कलावंताचा स्वतःचा आवाज त्यात बुडाला. फ्रेंच लेखक रोलां बार्त यांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात याहून खोल आक्षेप घेतला. सगळी माणसे सारखीच जन्मतात, राबतात आणि मरतात, असे म्हटले की ऐकायला गोड लागते; पण कोणाचे मूल कोणत्या परिस्थितीत जन्मते आणि कोण कोणासाठी राबतो, हा प्रश्न त्या गोडव्यात विरघळून जातो, असा त्या आक्षेपाचा मथितार्थ आहे.

हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. तरीही नव्वद लाख माणसे फसली, असे म्हणायला मन धजत नाही. महायुद्ध संपून दहाच वर्षे झाली होती. अणुबाँबच्या भीतीखाली वावरणाऱ्या लोकांना, समोरचा परका माणूसही आपल्यासारखाच आहे, हे डोळ्यांनी पाहायचे होते. त्यांची ती गरज खोटी नव्हती. युनेस्कोने २००३ मध्ये या प्रदर्शनाची नोंद जागतिक स्मृतींच्या यादीत केली. म्हणजे लोकांनी अचूक ओळखले ते त्यातील भावनेचे मोल आणि जाणकारांनी अचूक ओळखली ती त्या भावनेची मर्यादा. दोघांनी पाहिले ते खरेच होते. त्यांचे प्रश्न निराळे होते एवढेच.

दोघांनीही नाकारले तर?

कधी कधी दोन्ही न्यायालये एकदमच विरुद्ध निकाल देतात. त्याच प्रदर्शनात ज्याची काही चित्रे होती, त्या रॉबर्ट फ्रँक या स्विस तरुणाने १९५५–५६ मध्ये शिष्यवृत्तीवर सारी अमेरिका पालथी घातली. हजारो चित्रे घेतली आणि त्यांतून केवळ ८३ निवडून ‘द अमेरिकन्स’ हे पुस्तक केले. ते आधी १९५८ मध्ये पॅरिसला निघाले आणि नंतर १९५९ मध्ये अमेरिकेत. त्यात तिरकी क्षितिजे होती, जाडाभरडा कण होता, उदास चेहरे होते आणि काळ्या-गोऱ्यांना निरनिराळ्या ठिकाणी बसवणारी ट्राम होती. छायाचित्रणाच्या एका लोकप्रिय मासिकात बहुतेक समीक्षकांनी त्याच्यावर तोंडसुख घेतले. पुस्तकाचा खपही बेताचाच झाला. आज छायाचित्रणाचा कोणताही इतिहास त्या पुस्तकाला वगळून लिहिता येत नाही.

याचा अर्थ ‘आज नाकारलेले ते सर्व उद्या थोर ठरते’ असा मात्र कोणी काढू नये. नाकारलेल्या चित्रांपैकी बहुतेक नाकारण्याच्याच लायकीची असतात. अर्थ एवढाच, की ‘जाणकार’ हा काही एकच माणूस नव्हे. फ्रँकला जुन्या जाणकारांनी झिडकारले, पण त्याला डोक्यावर घेणारे त्याच्यामागून आलेले तरुण छायाचित्रकारही जाणकारच होते.

जाणकारांचीही एक लोकप्रियता असते

आता आपल्या काळाकडे आणि आपल्या देशाकडे येऊ. हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धांना ‘सलोन’ म्हणतात. जगभरच्या अशा मंडळांचा एक महासंघ १९५० साली स्थापन झाला. त्याच्या मान्यतेच्या सलोनांत किती चित्रे स्वीकारली गेली, यावर छायाचित्रकाराला पदव्या मिळतात. आपल्याकडेही या पदव्यांना मोठा मान आहे.

या पद्धतीत परीक्षकांपुढून चित्रे एकामागून एक सरकत जातात आणि त्यांना गुण दिले जातात. चित्रे हजारोंनी येतात, त्यामुळे एकेका चित्राच्या वाट्याला काही सेकंदच येतात. आता काही सेकंदांत परीक्षकाला पकडणारे चित्र कोणते? सुरकुतलेला वृद्ध चेहरा, धुळीतून येणारा मेंढ्यांचा कळप आणि मागून सोनेरी ऊन, जेजुरीला उधळलेल्या भंडाऱ्याचा पिवळा ढग, पावसात भिजणारा वारकरी. या विषयांत वाईट काहीच नाही. जेजुरीचा भंडारा खरोखरच डोळे दिपवणारा असतो. परंतु एकाला पदक मिळाले की पुढच्या वर्षी तेच चित्र दहा जण आणतात आणि त्यानंतरच्या वर्षी शंभर. मग ज्या मंडळाचा जन्म एकमेकांचे दोष सुधारण्यासाठी झाला, तेच एकमेकांची नक्कल करण्याची शाळा बनते.

म्हणून मला असे म्हणावेसे वाटते, की ‘जाणकार विरुद्ध लोक’ ही विभागणी वाटते तितकी सरळ नाही. जाणकारांच्या वर्तुळालाही स्वतःची एक लोकप्रियता असते. फक्त तिथले लोक थोडे आणि शब्द जड असतात.

लोक काय विचारतात?

लोकांची पसंती म्हणजे केवळ गोंडस मुले आणि सूर्यास्त, असा एक समज आहे. तो पूर्णपणे खोटा नाही. पण लोक कधी कधी असा प्रश्न विचारतात, जो जाणकारांना सुचलेलाच नसतो.

मार्च १९९३ मध्ये केव्हिन कार्टर या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराचे सुदानमधील दुष्काळाचे एक चित्र न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात छापून आले. भुकेने जमिनीला टेकलेले एक मूल आणि काही पावलांवर टपून बसलेले गिधाड. रचना, क्षण, आशय, कोणत्याही कसोटीवर ते चित्र उतरणारे होते. १९९४ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. वाचकांनी मात्र विचारले, की त्या मुलाचे पुढे काय झाले? आणि चित्र घेणाऱ्याने काय केले? वृत्तपत्राला त्याबद्दल निवेदन छापावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये कार्टरने आपले जीवन संपवले. एखाद्याच्या मनात काय चालले होते याचा निवाडा दुरून करू नये आणि त्या चित्रामुळे दुष्काळाकडे जगाचे लक्ष वेधले गेले हेही विसरू नये. पण वाचकांचा तो प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. चित्राच्या चौकटीबाहेरही माणूस असतो, याची आठवण त्या प्रश्नाने करून दिली.

याउलट, डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुकांडात मातीआड होत असलेल्या एका अनोळखी मुलाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. एकाचे चित्र कृष्णधवल, दुसऱ्याचे रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला त्या वर्षीचे जागतिक वृत्तछायाचित्राचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्या चेहऱ्यापुढे जाणकार आणि अजाण हा भेदच उरला नाही. असे क्वचित घडते, पण घडते.

तिसरा परीक्षक

इथवर आपण दोनच परीक्षक धरले. मला तिसरा एक सुचवायचा आहे.

आमच्या घरी एका वर्षी एक दिनदर्शिका होती. तिच्या जानेवारीच्या पानावर ऊसतोडीचे चित्र होते आणि खाली ‘पारितोषिकप्राप्त छायाचित्र’ असे छापलेले होते. मावळतीचे लाल आकाश, उसाचा फड आणि ताठ उभी राहून कोयता डोक्यावर उगारलेली एक तरुणी. म्हणजे त्याला परीक्षकांचा कौल मिळाला होता आणि घरोघरी टांगण्याइतकी लोकांची पसंतीही. माझ्या आईने कित्येक हंगाम ऊस तोडला आहे. ती ते चित्र बघून म्हणाली, “ही बाई ऊस तोडीत न्हाई. असा वरनं कोयता हानला तर ऊस मधीच तुटंल आन् बुडखा रानातच ऱ्हाईल. मुकादम काय म्हनंल? वाकल्याबगर ऊस तुटत न्हाई.”

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडच्या भागात साखर अधिक असते. त्यासाठी दिवसभर कमरेतून वाकावे लागते. त्या कामाचे सारे दुःख त्या वाकण्यात आहे आणि चित्रातून नेमके तेच गळले होते. चित्र सुंदर होते, हे मी आजही म्हणेन. पण ते ऊसतोडीचे चित्र नव्हते. हा दोष परीक्षकांना दिसला नाही, कारण ते प्रकाश पाहत होते. आणि लोकांना दिसला नाही, कारण ते सौंदर्य पाहत होते. जिने ते काम केले तिला तो एका दृष्टिक्षेपात दिसला.

हा विचार माझ्या पदरचा नाही, हे नंतर वाचनात आले. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा आहे. तिथे सामान्य प्रेक्षकांबरोबरच ‘प्राश्निक’ म्हणजे परीक्षक कोण असावेत, याची यादी दिली आहे. तीत नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, चित्रकार, गायक हे तर आहेतच. पण यज्ञकर्म जाणणारा, धनुर्धर, राजा, राजसेवक आणि गणिकाही आहे. यज्ञाचा प्रसंग यज्ञ जाणणाऱ्याने तपासावा आणि शस्त्राचा धनुर्धराने, असा त्यामागचा विचार. ज्या जीवनाचे चित्रण केले, ते जीवन जगणाऱ्याला परीक्षकाच्या आसनावर बसवण्याचा हा शहाणपणा आपल्याकडे इतका जुना आहे.

आपल्यापुरता विचार

आमच्यासारख्या, घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न केवळ छायाचित्रांचा नाही. येथे येऊन आपण रचना, आशय, अभिव्यक्ती हे शब्द शिकतो. ते शब्द मौल्यवान आहेत. त्यांच्यावाचून कॅमेरॉनबाईंचा चेहरा आणि फ्रँकचे तिरके क्षितिज आपल्याला दिसलेच नसते. पण हे शब्द हाती आले की घरच्या माणसांची पसंती आपल्याला खुळी वाटू लागण्याचा धोकाही असतो. आमच्या भिंतीवर आजोबांचे एक छायाचित्र आहे. ओळखपत्राच्या छोट्या चित्रावरून तालुक्याच्या फोटोवाल्याने मोठे करून दिलेले, गालांवर गुलाबी रंग चढवलेले. कोणत्याही सलोनात ते पहिल्याच फेरीत बाद होईल. आजीची तक्रार एकच आहे, की त्यात त्यांची टोपी सरळ आहे. ते ती नेहमी उजवीकडे कललेली घालीत. याहून नेमकी समीक्षा कोणत्या जाणकाराने केली असती?

तात्पर्य, कोणाचे मत ऐकावे हा प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे. कोणाला काय विचारावे, हा खरा प्रश्न. चित्र कसे झाले आहे, हे समव्यवसायी माणसाला विचारावे. त्याच्याइतके रोखठोक कोणी सांगणार नाही. चित्रातून काय पोचले, हे लोकांना विचारावे; कारण जे पोचलेच नाही त्याबद्दल लोक कितीही भिडस्त असले तरी खोटे बोलू शकत नाहीत, ते नुसते पुढे निघून जातात. आणि चित्र खरे आहे का, हे ज्याचे चित्र काढले त्याला विचारावे. तिघांचे ऐकून झाल्यावर निर्णय मात्र आपला आपणच घ्यायचा असतो, कारण बटणावर बोट आपले असते.

आपल्या महाविद्यालयात पुढील स्नेहसंमेलनात छायाचित्रांचे प्रदर्शन भरावे, अशी अनेक मित्रांची इच्छा आहे. ते भरेल तेव्हा परीक्षक असावेत, विद्यार्थ्यांसाठी मतपेटीही असावी. आणि एक दिवस ज्यांची चित्रे आपण काढली, त्या हमालांना, भाजीवालीला, बसस्थानकावरच्या चहावाल्याला आणि फडावरच्या माणसांनाही आत बोलवावे. ते चित्रापुढे उभे राहून काय बोलतात, ते एखाद्या वहीत उतरवून घ्यावे.